पुजलेली बॅटरी

दसऱ्यानंतरच्या एका सुस्त दुपारी वारज्याच्या बसमध्ये एक आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर जुनी, पत्र्याची बॅटरी. तिचं मागचं झाकण उघडून आतल्या कडेला वाळलेलं हळदकुंकू त्या हेअरपिनने खरवडत होत्या.

“आमच्या ह्यांची हाय. वॉचमन होते, जाईस्तोवर त्यांचं हत्यार हेच. खंडेनवमीला पुजली, की पेटतच न्हाई,” त्या सांगू लागल्या. “सेलातनं करंट दिव्यात जातो अन् ह्या पत्र्यातनंच माघारी येतो. झाकण नीट टेकलं न्हाई, की वाट बंद.”

मला राहवलं नाही. “अहो, मग वरूनच लावा ना हळदकुंकू!”

“वरनं लावलेलं त्यांना पोचंल का?”

झाकण फिरवून त्यांनी बटण सरकवलं. भर उन्हात त्यांच्या तळहातावर फिकट, पिवळं वर्तुळ तरंगलं. त्यांनी हलकेच मूठ मिटली.