कोतवालबुकाची दुसरी प्रत

सत्तरच्या दशकात, आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत मी रेकॉर्ड रूमची कारकून म्हणून लागले. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारी मी पहिलीच. खोलीत माझ्या वरच्या जागेवर एक मोठे बाबू होते. कापडात बांधलेले बस्ते लाकडी मांडणीवर गावागणिक लावलेले असत. गावाचं नाव घेतलं की बाबूंचा हात नेमका तिथंच जायचा.

एका सकाळी आसेगावकडची एक बाई आली. धाकट्या पोरीला शाळेत घालायचं होतं, म्हणून जन्माची नोंद हवी होती. जरा थांबून ती म्हणाली, "मोठीचं नावबी असन ना त्यात? ते गेली मांगच्या साली. मले वाचता येत नाही. तेवढं वाचून दाखवा."

जन्ममृत्यू कोतवालबुकात लिहिलेले असत. बाबूंनी तिच्या गावचा बस्ता उचलला आणि ते दचकलेच. फार हलका होता. गाठ सोडली तर आत उधईनं, म्हणजे वाळवीनं, केलेली माती आणि कागदांच्या नुसत्या कडा.

बाई त्या मातीकडे बघत राहिली. "म्हंजे माही पोरगी होती, हे आता कुठंच नाही?"

बाबूंनी तो बस्ता तसाच उचलून तहसीलदार साहेबांपुढं नेऊन ठेवला.

साहेबांनी लोखंडी रॅक मंजूर केले आणि मांडणी कशी करायची ते आम्हालाच ठरवायला सांगितलं. बाबूंना सगळं एका खोलीत, एका कुलपात हवं होतं. मी म्हटलं, कोतवालबुकांची दुसरी प्रत काढून वेगळ्या इमारतीत ठेवू.

बाबू चिडले. "दोन प्रती म्हंजे दोन भांडणं. एकीत एक तारीख, दुसरीत दुसरी. मंग खरी कोणती मानसान? आन् नवी नोंद आली की दोन्हीकडं कोन चढवन?"

"मी चढवीन. पन पुन्हा बस्त्यातून माती निघाली, तर तवा काय सांगसान तुमी?"

बाबू खिडकीपाशी गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मलाही कळत होतं. परत आले तेव्हा म्हणाले, "जमिनीचे कागद एकाच जागी राहू दे. ते तलाठ्याकडंबी असतात. मानसं मात्र दोनदा लिहू."

मग कितीतरी महिने मी वाचायची, ते लिहायचे; नंतर ते वाचायचे आणि मी ताडून बघायची. साथीच्या एका पानावर एकाच घरातली तीन लेकरं लागोपाठ आली. बाबूंनी दौतीचं झाकण लावलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी पुढं काम झालं नाही.

उधईनं खाल्लेल्या नोंदी पंचांचे जबाब घेऊन नव्यानं करायला साहेबांनी परवानगी दिली. आसेगावकडची ती बाई गावच्या दाईला आणि कोतवालाला घेऊन आली. दोघी पोरींचे जन्म दाईनं सांगितले; पण मोठी कधी गेली, ते कोतवालाला नीट सांगता येईना.

"तुरी सोंगून राह्यलो होतो आमी," बाईच म्हणाली. "तिले वावराच्या धुऱ्यावर निजवलं होतं. ताप होता."

तुरीच्या कापणीवरून महिना ठरला, दाईनं वार सांगितला. बाबूंनी दोन्ही बुकांत स्वतः लिहिलं. मी नाव वाचलं तेव्हा बाईनं विचारलं, "हे कुठं हाय?" मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं, शाई अजून ओली होती. अक्षरं जराशी फिसकटली, पण बाबूंनी ती तशीच राहू दिली. फिसकटलेली ओळ त्यांना एरवी खपत नसे.

धाकटीचा दाखला पदराच्या गाठीत बांधून ती एसटी गाठायला निघाली.