देवाजवळ उरलेली डहाळी

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. कुणाच्या हातात हिरवी डहाळी दिसली, मग ती पूजेची असो की शेळीच्या चाऱ्याची, ती आपणहून समोर येऊन उभी राहते. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. दरोड्याचे, खुनाचे तपास मी चारचौघांत रंगवून सांगतो. हा तपास मात्र आजवर घरातही सांगितलेला नाही.

तेव्हा मी कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माथेरानचा डोंगर आमच्या डोक्यावरच. वरच्या पॉइंटांची हौस फार जुनी, पण अलीकडे एक नवी टूम निघाली होती. पायथ्याच्या आदिवासी वाडीत सकाळी जमायचं, चहा-पोहे खायचे, वाडीतल्या वाटाड्याच्या मागून डोंगर चढायचा, तीन-चार पॉइंट बघायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेनं खाली यायचं. शहरातले संयोजक अशा सहली काढत. रविवार आला की ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हरवलेले मोबाईल, पार्किंगची भांडणं आणि मुरगळलेले पाय यांची रीघ लागे.

त्या वाडीतल्या वाटाड्यांची एक रीत होती. चढ सुरू होतो तिथे शेंदूर लावलेला दगड आहे, वाटेवरचा देव. वाटाड्या जवळच्या झाडाच्या डहाळ्या मोडून प्रत्येकाच्या हातात एकेक देतो. ज्यानं त्यानं ती देवापुढे ठेवायची आणि वर जायचं. उतरताना ज्यानं त्यानं एक उचलून मागे, डोंगराकडे टाकायची. देवापुढची जागा मोकळी झाली, म्हणजे सगळी माणसं खाली आली. शहरातली मंडळी त्याचे हौसेनं फोटो काढत. वाटाड्याच्या दृष्टीनं मात्र ती हजेरी होती.

ऑक्टोबरातला सोमवार होता. पहाटे एक बाई ठाण्यात आली. तिचे वडील मोहोपाड्याला राहत. तिथल्याच एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती, वय सत्तरीच्या जवळ, पत्नी वारलेली. आदल्या दिवशी ते अशाच सहलीला गेले होते आणि घरी परतले नव्हते, फोनही बंद लागत होता. ती म्हणाली, जन्मभर कॉलनीच्या गच्चीवरून बाबा ही डोंगररांग बघत आले. वरून आपली कॉलनी दिसते का, एवढंच त्यांना एकदा बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी जुनी दुर्बीण पुसूनबिसून बरोबर घेतली होती.

मनुष्य मिसिंगची नोंद केली. संयोजकाला फोन लावला, तर तो आठच्या आत हजर. तिशीतला, नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील यादी. चौदा पर्यटक, चौदा नावं, प्रत्येकापुढे खूण. त्यानं सांगितलं, सगळे खाली उतरले, काका रिक्षानं स्टेशनला जातो म्हणाले आणि निघून गेले. फोनचं शेवटचं टॉवर लोकेशन मागवलं, तेही पायथ्याचंच आलं. डोंगराच्या कड्यावर उभं राहिलं तरी तोच खालचा टॉवर लागतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला सगळं एकमेकांत चपखल बसताना दिसलं. मी माणसं लावली ती सगळी खाली, स्टेशनवर, रिक्षा थांब्यावर, हमरस्त्याच्या कॅमेऱ्यांवर.

त्याच वेळी खबर आली. पायथ्याला चहाची टपरी चालवणारा आमचा एक जुना खबरी होता. त्यानं कळवलं की म्हाताऱ्याची दुर्बीण वाटाड्याच्या घरात आहे. बिटाच्या, म्हणजे त्या भागाच्या हवालदारांनी जाऊन पाहिलं, तर होतीच. वाटाड्या तेव्हा अंगणात कमरेला कोयता अडकवून, खांद्यावर दोर टाकून उभा होता, बरोबर वाडीतले चार गडी. वर निघालो म्हणाला. हवालदारांनी मला फोन केला. मी म्हटलं, वर कसला जातोय, पुरावा नाहीसा करायला? त्याला घेऊन या, आणि बाकीच्यांनाही वर जाऊ देऊ नका.

खबर खरी होती, तिचा अर्थ मी लावला. वाडीतला माणूस, घरात शहरातल्या माणसाची वस्तू आणि वस्तूचा मालक बेपत्ता. माझ्या डोक्यात गणित सुटायला एक मिनिटही लागलं नाही. समोर ओळखपत्रवाला बसला असता तर मी इतक्या घाईनं सोडवलं नसतं, हे आज कबूल करतो.

दुर्बीण दारासमोरच्या खुंटीला लटकवलेली होती, असं पंचनाम्यात स्वच्छ लिहिलं आहे. चोरीचा माल कुणी दारासमोर खुंटीला लावत नाही. हे शिकाऊ शिपायालाही कळावं. मी त्या पंचनाम्यावर सही केली आणि पुढे गेलो.

वाटाड्या चाळिशीचा, काटक, बोलायला कमी. त्याला माझ्या खोलीत भिंतीशी बसवलं. अटक नव्हती. डायरीत 'चौकशीकामी बोलावले' अशी नोंद केली. अंगाला हात लावला नाही, चहाही दिला. तो त्यानं प्यायला नाही. दुर्बीण कुठून आली विचारल्यावर म्हणाला, वरच्या पॉइंटावर काकांनी त्यांची कॉलनी बघितली, खूश झाले, मग गळ्याला दोरी रुतते म्हणून दुर्बीण माझ्याकडं दिली. घरी पोरांना दाखव म्हणाले, जाताना घेतो.

मग तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"सायेब, एक डहाळी उरली हाय. मानूस वरच हाय. मला सोडा, मी घेऊन येतो."

मी विचारलं, काल उतरल्यावर हे संयोजकाला का सांगितलं नाहीस? सांगितलं होतं म्हणाला. संयोजकानं 'माणसं पुरी आहेत, तू काळजी करू नकोस' म्हणून उडवून लावलं. तरी हा एकटाच उतरायच्या बाजूनं परत अर्धा डोंगर चढला, दिवेलागणीपर्यंत हाका मारल्या. दुसरी बाजू उजाडल्यावर बघायची ठरली होती. उजाडलं, आणि आमचे हवालदार अंगणात येऊन उभे राहिले.

पोलिसात एक शिकवण आहे. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, पाठ केलेलं बोलणारा तेच ते शब्द वापरतो. मी ती शिकवण त्या दिवशी घट्ट धरून बसलो. दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच वाक्य. मला वाटलं, पोपटपंची. ज्याला एकच गोष्ट सांगायची आहे तो एकच गोष्ट सांगणार, हे मला सुचलं नाही.

बिटाचे हवालदार त्याच भागातले, भातशेती करणाऱ्या घरातले. अकराच्या सुमाराला ते आत आले, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सायेब, त्या डहाळीला हे लोक लय मानतात. खोटं नाय बोलायचे. चार मानसं वर पाठवून बघू का?"

मी त्यांना म्हणालो की तपास आपण झाडाच्या पाल्यावर करायचा असेल तर ठाणं बंद करून जोतिषी बसवू. ते सलाम करून बाहेर गेले. त्याआधी मी त्यांना कधी तसं तोडून बोललो नव्हतो.

खोलीच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडत असे. वाटाड्या माझ्याकडे बघत नव्हता, त्या पट्टीकडे बघत होता. ती सरकत त्याच्या पायापर्यंत आली तेव्हा तो एवढंच म्हणाला की वर पाणी नाही, ओहोळ आटलेत. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. बाहेर बाकावर मुलगी बसून होती. मी तिला दोनदा जाऊन सांगितलं, धागा हाती लागलाय, काळजी करू नका.

दुपारी तीनच्या सुमाराला गाठ सुटली. सहलीतल्या लोकांचे जबाब फोनवरून घ्यायला एक महिला शिपाई बसवली होती. सकाळपासून सगळे एकच सांगत होते, हो, बरोबर होते बहुतेक, नीट लक्ष नव्हतं. एका बाईनं मात्र सांगितलं की उतरताना काका दिसले नाहीत, मला वाटलं ते दुसऱ्या वाटेनं गेले. आणि तिनं एक फोटो पाठवला. उतरल्यावर टपरीपुढे संयोजकानं काढलेला, खाली त्याचाच मजकूर, 'सगळे सुखरूप'. महिला शिपायानं मोबाईल माझ्यापुढे धरला. मी बोट ठेवून पर्यटकांची डोकी मोजली. तेरा भरली. पुन्हा मोजली. फोटोच्या कडेला वाटाड्या उभा होता. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, तो देवाच्या दगडाकडे.

संयोजक दुसऱ्या खोलीत पंख्याखाली खुर्चीवर बसला होता. त्याच्यापुढे फोटो ठेवला आणि समोर उभा राहिलो. दोन मिनिटांत तो रडायला लागला. काकांना गुडघ्यामुळे उतरवेना. टॅक्सी जिथपर्यंत येते त्या नाक्याकडे चालत जातो, तिथून जाईन, असं ते म्हणाले. संयोजकानं वाट दाखवली आणि त्यांना एकटं सोडलं. बाकीच्यांना उशीर होत होता. सकाळी फोन गेला तेव्हा तो घाबरला आणि यादीवर चौदावी खूण करून आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. तो फास मीच विणत बसलो होतो.

मी वाटाड्याला जाऊन सांगितलं, काका नाक्याच्या वाटेनं गेले. तो उठला. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तो दाराबाहेर पडलाही होता. जीपमध्ये त्यानं हवालदारांना सांगितलं ते मला अजून ऐकू येतं. "नाक्याची वाट बारीक हाय. नवा मानूस रुंद वाट धरतो. रुंद वाट गुरांची, ती ओहोळात उतरते."

तिथेच सापडले. सूर्य अजून मावळला नव्हता. गुरांची वाट कारवीच्या दाट झुडपांतून ओहोळात घसरते, तिथे ते पडले होते. पाय मोडलेला, पाण्याची बाटली रिकामी, आणि वरून दिसावा म्हणून रुमाल कारवीच्या उंच काडीला बांधलेला. फोनची बॅटरी संपलेली. हाताखालची माती खरवडलेली होती, म्हणजे त्यांनी वर सरकायचा प्रयत्न केला होता. वाटाड्यानं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, "आज गेलेत सायेब. काल न्हाय."

डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. मृत्यू सोमवारी दुपारच्या सुमाराचा.

वाडीतल्या माणसांनी घोंगडीची झोळी करून त्यांना उतरवलं. मला खांदा द्यायचा होता, पण उताराची सवय नसलेला माणूस मध्ये नको म्हणून त्यांनी मला मागून चालायला सांगितलं. देवाच्या दगडाशी आल्यावर झोळी थांबली. दगडापुढे एकच डहाळी होती. ऑक्टोबरच्या उन्हानं पानं वळली होती, देठ अजून थोडा हिरवा होता. मला वाटलं वाटाड्या ती उचलेल. तो बाजूला सरला.

"त्यांचा हात आता चालायचा नाय," तो म्हणाला. "तुमी काढा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी वाकलो, डहाळी उचलली आणि त्यांच्या रीतीप्रमाणे मागे, डोंगराकडे टाकली. 

संयोजकावर हयगयीचा गुन्हा दाखल झाला. माझ्यावर काही आलं नाही. कागदोपत्री सगळं चोख होतं, 'स्थानिक वाटाड्याच्या मदतीने शोध घेतला' असं अहवालात आहे आणि ते खोटंही नाही. हवालदारांची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. वाटाड्याकडे पुढे दोनदा गेलो. त्यानं दोन्ही वेळा चहा केला, बसायला पोतं टाकलं आणि त्या दिवसाचा विषय काढला नाही. मलाही काढता आला नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते सांगतो. तपासात माणसानं कागद बघावेत, टॉवर बघावा, खबरही ऐकावी. पण ज्या जागेवर गुन्हा घडला असं आपल्याला वाटतं, त्या जागेची माणसं आपली माणसं कशी मोजतात, हे आधी विचारावं. हे मी पुढे प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना सांगत असे. ते वहीत लिहून घेत. ते मी कशामुळे शिकलो, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि एका व्यक्तीला तर अजिबात सांगितलं नाही. अंत्यसंस्कारानंतर त्यांची मुलगी ठाण्यात आली होती. तुम्ही एका दिवसात शोधून काढलंत म्हणाली, माझे आभार मानले, ठाण्यासाठी पेढे ठेवून गेली. मी उभा राहिलो, हात जोडले, आणि गप्प बसलो. तेव्हा गणवेशात होतो, नोकरी होती, कारणं पुष्कळ होती. आता त्यातलं एकही उरलेलं नाही.

ताई, हे तुमच्यापर्यंत पोहोचलं तर वाचा. त्या सोमवारी सकाळी तुम्ही माझ्या ठाण्यात बाकावर बसला होतात, तेव्हा तुमचे बाबा जिवंत होते. त्यांना आणायला दोर घेऊन निघालेला माणूस भिंतीपलीकडे माझ्या खोलीत बसलेला होता. त्याला मी बसवून ठेवलं होतं.