मावशींची इर्जिक

मदत मागायला गेलेल्या माणसाला मदत न करता परत पाठवण्यात माझ्या नवऱ्याच्या मावशींचा हात धरणारं कुणी अख्ख्या आयर्लंडमध्ये सापडायचं नाही. आणि परत आलेला माणूस मात्र खुशीत असायचा, हे त्याहून विलक्षण. आम्ही नावनमध्ये घर घेतलं त्या वर्षी होळीला मी त्यांना फोन केला, की मावशी, मला पुरणपोळी जमत नाही, तुम्ही येऊन चार करून द्याल का? त्या तत्परतेने आल्या. येताना स्वतःचं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आल्या, ते माझ्या ओट्याजवळ मांडलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. तुला काय काय येतं ते आधी सांग." मला डाळ शिजवता येते, वाटता येते, कणीक मळता येते, एवढं माझ्याकडून कबूल करून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मग राहिलं काय?" आणि चहा मागितला. पहिल्या पोळीचा आकार श्रीलंकेसारखा झाला. मावशींनी ती मिटक्या मारत खाल्ली, पण शेवटपर्यंत लाटण्याला बोट लावलं नाही. संध्याकाळी माझी लेक म्हणाली, "मावशीआजी इज सच गॅस!" इथल्या पोरांच्या भाषेत गॅस म्हणजे धमाल. माझी कंबर मोडली होती, त्यामुळे मला धमाल जरा उशिरा कळली.

हे सगळं त्या शिकल्या इंडोनेशियात. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, पण लग्नानंतर काकांना बांडुंगजवळच्या एका सूतगिरणीत नोकरी लागली आणि मावशींचं अर्धं आयुष्य तिथल्या डोंगरातल्या एका गावात गेलं. त्या गावात दरवर्षी कॉलेजची पोरं यायची. शिक्षण पुरं करायचं तर काही आठवडे खेड्यात राहून लोकांबरोबर काम करायचं, असा तिथला रिवाज. मावशींना आधी वाटलं, ही पोरं आता भाषणं देणार. पण ती आली ती नुसती ओट्याओट्यावर बसून बायकांना विचारत सुटली, की तुम्हाला काय येतं, तुमचं अडतं कुठं? त्याआधी कुणीतरी थोर मनाने गावाला कंदाच्या चकत्या वाळवायचं एक परदेशी यंत्र देऊन ठेवलं होतं. त्यात कोंबड्या अंडी घालत. पोरांनी विचारल्यावर बायका म्हणाल्या, यंत्र नको, वाळवणावर पावसाची सर येते, तेवढ्यापुरतं एक छप्पर हवं. मग सगळ्या गावाने मिळून बांबू तोडले आणि छप्पर उभं केलं. पोरांनी बांबू धरले, पण छपराचा उतार कुठल्या बाजूला हे बायकांनी ठरवलं. मावशी त्या दिवशी भात रांधायला गेल्या आणि त्या बायकांच्या गटात कायमच्याच शिरल्या. पुढे त्यांच्या चकत्या बांडुंगच्या बाजारात जाऊ लागल्या. या एकत्र राबण्याला तिकडे 'गोतोंग रोयोंग' म्हणतात. मावशी सांगायच्या, "नाव ऐकून मी घाबरले होते. बघते तर काय, आपली इर्जिकच की गं! एकाच्या शेतात सगळ्या गावाच्या बैलजोड्या, आणि दुपारी त्याच्याकडे जेवण."

काका गेल्यावर त्या मुलाकडे, म्हणजे माझ्या मावसदिराकडे, नावनला आल्या. सोबत बाटिकचे अंगरखे, झणझणीत मिरच्यांच्या ठेच्याच्या बरण्या आणि हे इर्जिकेचं वेड. वयामुळे भाषांची सरमिसळ व्हायची. बसमधून उतरताना इथे सगळेच ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, मावशी खणखणीत आवाजात "तेरिमा कासी" म्हणायच्या, आणि ड्रायव्हरही "ग्रँड, नो बॉदर" म्हणून हात हलवायचा. शेजारच्या कुठल्याही बाईला त्या 'इबू' म्हणत. इबू म्हणजे आई. त्यामुळे आमच्या वसाहतीतल्या तिशीतल्या आयरिश मुली आधी बावचळायच्या आणि नंतर आवडीने ओ द्यायच्या.

त्यांच्या दारात वैशाली आली ती मात्र रडवेली होऊन. वैशाली नागपूरची. नवऱ्यामागोमाग इथे आलेली, दोन वर्षं घरात बसलेली आणि फोन वाजला की दुसऱ्या खोलीत पळणारी. मुलाच्या शाळेत बाईंना भेटायचं होतं, नवरा कामासाठी लांब सँडीफोर्डला, आणि तिला इंग्रजीची धास्ती. "मावशी, तुम्ही नुसत्या चला सोबत." मावशी म्हणाल्या, "मला कुठलं आलंय इंग्रजी? तुला काय येतं ते सांग."

"मला काही नाही येत."

मावशी गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं भयंकर असायचं. समोरचा माणूस ते भरून काढायला काहीतरी बोलतोच. चहा निवाला तेव्हा वैशाली म्हणाली, "नागपूरला मेस होती माझी. मुलींच्या हॉस्टेलची. सगळा सैपाक माझ्या देखरेखीत."

"आणि मेसवर भांडण झालं की?"

"मीच मिटवायची न. एका पोरीनं वरणाचं भांडं फेकलं होतं, तिलाही बसवलं जेवायला."

"मग शाळेतल्या बाई काय, भांडं थोडंच फेकणारेत?" मावशी म्हणाल्या. वैशाली शाळेत एकटी गेली. कशी बोलली देव जाणे, पण परत येताना तिची मान ताठ होती, हे मी खिडकीतून पाहिलं.

तिथून पुढे शनिवारची जेवणं सुरू झाली. चर्चच्या हॉलला चांगलं मोठं गॅसचं स्वयंपाकघर होतं आणि ते रिकामं पडून असायचं. मावशींचा नियम एकच, जो जेवायला येईल तो आधी हाताने काहीतरी करील. पहिलं गिऱ्हाईक टॉम. मावशींचा शेजारी, म्हातारा शेतकरी. बायको गेल्यापासून कुत्र्याला फिरवण्यापुरताच घराबाहेर दिसायचा. मावशींनी त्याच्यापुढे बटाट्यांची टोपली ठेवली आणि सुरी हातात दिली. सुरुवातीला तो बटाट्यांशीच बोलायचा. मग हळूहळू माणसांशी बोलायला लागला. एकदा मी त्याला मावशींची इर्जिक इंग्रजीत समजावून सांगत होते, तर तो हसून म्हणाला, "अगं, याला आमच्याकडे मेहल म्हणतात. गवत कापायच्या दिवसांत सगळी आळी एकमेकांच्या रानात असायची. आई भाकरी भाजून भाजून थकायची." मावशींना हे मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी टॉमला जोरात टाळी दिली. बटाट्याची साल त्याच्या चष्म्याला चिकटली.

मग ते वादळ आलं. रात्रभर छपरं थरथरली आणि सकाळी उठून बघतो तर वीज गायब. इथे शेगडी विजेची, हीटरही विजेवरच. पाणी तापवायची सोय नाही. एकेकटे राहणारे म्हातारे थंडीत गोठायची वेळ. आणि नेमक्या मावशी तापाने अंथरुणाला खिळलेल्या. मी गेले तर त्या उठून एका पायात मोजा घालत होत्या. "हॉल उघडायला हवा. फादरला सांगायला हवं. टॉमकडे बघायला हवं." इतक्यात ओला रेनकोट घातलेली वैशाली दारात आली.

"मावशी, तुम्ही पडून राहा. आम्ही बघतो."

"आम्ही म्हणजे कोण?" मावशी गरजल्या.

"आम्ही सगळे," ती म्हणाली आणि बोलता बोलताच तिचा फोन वाजला. तिने तो तिथेच, आमच्यासमोर घेतला. फादरशी बोलली, कौन्सिलच्या माणसाशी बोलली, त्याला चार शब्द सुनावलेसुद्धा, आणि "राइट, ग्रँड, सी यू देअर" म्हणून निघून गेली. मावशींच्या हातात दुसरा मोजा तसाच राहिला.

दुपारी मी हॉलमध्ये गेले. मेणबत्त्या लावल्या होत्या, दोन मोठी पातेली उकळत होती. वैशालीने सगळ्यांना कामाला जुंपलं होतं. आयरिश मुली गाड्या काढून म्हाताऱ्यांना आणत होत्या, टॉम दारात उभा राहून येणाऱ्यांच्या हातात सुऱ्या देत होता. कुणी घाबरलेलं नव्हतं. उलट बाहेर वारा घोंघावत असताना आत गाणी चालली होती. मी डबाभर सूप घेऊन मावशींकडे आले.

त्यांनी एक घोट घेतला. "मीठ कुणी घातलं?"

"टॉमने."

"तरीच. जास्त झालंय." मग डबा माझ्याकडे परत देत, "माझी आठवण काढली का गं कुणी?"

खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "मावशी, कुणाला वेळच नव्हता."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, रागावल्या. पण त्या भिंतीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्या कॉलेजच्या पोरांमधली एक मुलगी पुढे बऱ्याच वर्षांनी गाव बघायला आली होती. आमच्या गटातल्या इबूंनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, बाळ, आता आमची मीटिंग आहे, तू संध्याकाळी ये. पोरगी माझ्या ओट्यावर बसून हसत होती, आणि डोळ्यांतून धारा. मी म्हटलं, रडतेस कशाला? म्हणाली, इबू, छान झालंय सगळं, म्हणून." मावशींनी नाक पुसलं. "तेव्हा नव्हतं कळलं मला. आण ते सूप इकडे. खारट आहे, पण गरम आहे."

त्यानंतर वर्षभराने मावसदीर वॉटरफोर्डच्या मोठ्या इस्पितळात रुजू झाला आणि मावशी तिकडे गेल्या. नावनमधली शनिवारची जेवणं चालूच आहेत. त्यांत आता एक सीरियन कुटुंब आणि पोलंडच्या दोन आज्या आल्यात, ज्यांनी मावशींना कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. नवी वसाहत, नवी घरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मावशी खिडकीशी बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा लहान दिसल्या. समोरच्या घरात कोण राहतं, विचारलं तर म्हणाल्या, "अजून नाही माहीत. पडदे निळे आहेत एवढं माहीत आहे." आम्ही जेवलो, त्यांनी सगळ्यांची विचारपूस केली. चारच्या सुमारास अंधारून यायला लागलं, तशी मी पर्स उचलली. मावशी दारापर्यंत आल्या, माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, मग जरा थांबून तेच बटण पुन्हा काढत म्हणाल्या, "आज राहतेस का गं?"

मी नवऱ्याला फोन केला आणि राहिले.