अक्कांचा प्रसूतिकक्ष

अनया आणि ईशान,

अनयाला तिकडे नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं मी इथे सांगितलं, तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, "का हो, डॉक्टरकीला नाही मिळाला?" मग मी तुम्हाला अक्कांबद्दल लिहायला बसले. म्हैसूरच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवत होते, तेव्हा अक्का तिथे मुलींना मिडवाइफचं, म्हणजे शिकलेल्या सुईणीचं काम शिकवत. वाचताना कुठे अडलात तर आईला विचारा.

प्रसूतिकक्षात पाऊल टाकलं की अक्का दोन्ही हात पाठीमागे बांधत, आणि विद्यार्थिनींनाही बांधायला लावत. शिक्षा झाल्यासारख्या पोरी भिंतीशी उभ्या. "बाई आणि बाळ मिळून काम करतायत. हव्या असलात तर बोलावतील तुम्हाला," असं त्या म्हणत. पण गरज पडली की तेच हात इतके चटकन चालत की मुलींच्या लक्षात येईपर्यंत काम झालेलं असे.

अक्का मराठी घरच्या. पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. पण बोलण्यात निम्मं कन्नड. 'निधान', म्हणजे सावकाश, हा त्यांचा आवडता शब्द. रिक्षावाल्याला निधान, कळा देणाऱ्या बाईला निधान, आणि मला तर रोजच. मी घड्याळाप्रमाणे चालणारी. त्या मला म्हणत, "टीचर, तुम्ही नक्की आठव्या महिन्यात जन्मला असणार. नऊ भरेपर्यंत धीर कुठला तुम्हाला!"

तेव्हा एक विचित्र गोष्ट चालली होती. परदेशातल्या मिडवाइफ आपापल्या देशात हे काम कसं उभं करायचं, ते शिकायला आमच्याकडे येऊ लागल्या होत्या. आणि आमच्याच व्यवस्थापनाला मात्र वाटत होतं की डॉक्टर असताना सुईणींनी चालवलेला वेगळा कक्ष हवाच कशाला? शेवटी ठरलं की काही देशांच्या पाहुण्या येऊन पाहतील. त्यांना पटलं तर इथे कायमचं प्रशिक्षण केंद्र होईल, नाहीतर कक्ष बंद. अक्का त्या दिवसांत धड जेवत नव्हत्या. "कक्ष गेला तर मुलींना शिकवू कुठे हो? फळ्यावर मूल जन्मतं का?"

पाहुण्यांसमोर अक्कांनी 'नेतृत्व' या विषयावर इंग्रजीत बोलायचं होतं, आणि ते भाषण बसवून घेणं माझ्याकडे आलं. मी नेतृत्वाची व्याख्या वाचून दाखवली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "एवढं लांब? ऐकता ऐकता बाळंत होईल की कुणीतरी."

पाहुण्या आल्या त्या दिवशी व्यवस्थापनाने मंत्री आल्यासारखी तयारी केली होती. कक्षाच्या दारातच रांगोळी, खुर्च्यांच्या रांगा, चंदनाचे हार आणि डोक्यावर ठेवायला म्हैसूरचे जरीचे पेटे, म्हणजे पगड्या. पाहुण्या स्वतः मिडवाइफ आहेत, हे सगळेच विसरले होते. पहिला पेटा मलावीच्या एका धिप्पाड, वयस्क बाईंच्या डोक्यावर ठेवला आणि तेवढ्यात हुणसूरच्या बसमधून उतरलेली एक बाई सासूच्या आधाराने आली. "आगल्ला अम्मा, आगल्ला!" होत नाही मला, असं ओरडत. आत जायला वाट नव्हती. एका खुर्चीला धरून ती तिथेच गुडघ्यांवर बसली.

"खुर्च्या हलवा!" अक्का म्हणाल्या. "सर, तुम्ही पण उठा."

रुग्णालयाचे अधीक्षक उठले. "अहो अक्का, सत्कार चाललाय..."

"तो थांबेल. ही थांबणार नाही." मग मलावीच्या बाईंकडे वळून, "यू! कम. बॅक. रब!"

मी डोळे मिटले. इतकं बसवलेलं इंग्रजी! डोळे उघडले तर त्या बाई पेट्यासकट रांगोळीत बसून हुणसूरच्या बाईची कंबर चोळत होत्या, आणि अक्का तिच्या कानाशी "निधान, निधान" म्हणत होत्या. वाट मोकळी झाली तशी तिघी आत गेल्या. अधीक्षक मला म्हणाले, "गेलं टीचर. सगळं गेलं."

थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी होती. मलावीच्या बाई बाहेर आल्या, पेटा तिरका, गुडघे रंगीत. म्हणाल्या, "पुष्कळ ठिकाणी मला हार घातलेत. काम आजच कुणी दिलं." मी मराठीत सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मग कॉफी द्या की त्यांना. दमल्यात."

भाषण झालंच नाही. काही आठवड्यांनी कळलं की केंद्र इथेच होणार आणि कक्ष राहणार. अक्कांनी "हं" म्हटलं, स्टाफरूमच्या टेबलावर डोकं टेकलं आणि झोपल्या. त्यांच्या तासाची घंटा झाली. मी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या वर्गावर जाऊन बसले, आणि त्या दिवशी मुलींना काहीच शिकवलं नाही.

पुढे निवृत्त होऊन अक्का तलकाडला बहिणीकडे राहिल्या आणि तिथेच, झोपेत, गेल्या. परदेशातल्या त्यांच्या विद्यार्थिनींचे फोन त्यांच्या बहिणीला कितीतरी दिवस येत होते.

कक्ष अजून चालू आहे. मिडवाइफच चालवतात. मागच्या आठवड्यात मी जाऊन पाहून आले.