पाकिटावरचा सगुण

आगरवाड्याचा सगुण हसला की त्याचा पुढचा एक दात पडलाय हे सगळ्यांना दिसतं, आणि सगुण तर दिवसभर हसत असतो. त्यामुळे 'हिरवी टोपली' या म्हापशाच्या मोठ्या दुकानाच्या मीठ-पाकिटावर त्याचा फोटो झळकला, तेव्हा दात नसलेला तो चेहरा बाजारात कुणीही ओळखला असता.

फोटो मार्च महिन्यात एक मुलगी काढून गेली होती. कॉलेजचं काहीतरी असेल म्हणून सगुण आपल्या मिठागरात फावडं घेऊन ऐटीत उभा राहिला, आणि मग विसरून गेला.

आठवण करून दिली शालिनीने. ऑगस्टमध्ये पेडण्याच्या बाजारात ती त्याला शोधतच आली.

"सगुणा, तुका लज ना? तीस वर्सां तुजेंच मीठ घालतां. औंदां बरणीभर तोरां कुसलीं!"

तोरां म्हणजे मिठात मुरवायच्या कोवळ्या कैऱ्या; यंदा शालिनीच्या कुजल्या होत्या. सगुणाच्या मिठातली तोरां दिवाळीपर्यंत कडक राहतात, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं नाव. तेवढंच घराण्याने कमावलेलं. सगुणाचं हसू मावळलं. यंदा तर ती मीठ न्यायला आलीच नव्हती.

"पूण औंदां तुवें म्हजेकडल्यान मीठ व्हेलेंच ना मगे!"

शालिनीने पिशवीतून रिकामं पाकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "मागीर हो कोण? तुजो बापूय?"

म्हापशाला लेकीकडे गेली असताना तिने ते घेतलं होतं. ओळखीचा चेहरा दिसला, गोणीचं ओझंही वाचलं. पाकिटावर हिरवं पान होतं, 'निसर्गाला न दुखावता, आगरातून थेट तुमच्या घरी' असं लिहिलेलं होतं. आत चिकटून राहिलेलं मीठ मात्र पांढरंशुभ्र, पिठासारखं बारीक. सगुणाचं मीठ जाड आणि जरा मळकट; ते असं दिसायला त्याला सात जन्म लागले असते.

पाकीट त्याच्या हातात कोंबून शालिनी फणकाऱ्याने निघून गेली. सगुणाला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. बायको चंद्रावती मात्र पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "फोटो बरो आयला पूण." तिने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाही.

सगुण सरळ त्या दुकानात गेला. तिथला मॅनेजर रुद्रेश त्याला बघून इतका खूश झाला की भांडायला जागाच उरली नाही. "आजोबा, देवानेच पाठवलं तुम्हाला! येत्या रविवारी आमचा पर्यावरण मेळावा आहे. दोन शब्द बोला!"

सगुण म्हणाला, बोलतो.

रविवारी त्याला हार घातला, हातात नवं कोरं पाकीट दिलं. सगुणाने चष्मा लावून ते वाचलं. 'ताजी काढणी : ऑगस्ट'. त्याला इतकं हसू फुटलं की माईकमधून ते पार भाजीच्या फळ्यांपर्यंत पोचलं.

"बायांनो, आमचें मीठ मे म्हयन्यांत सोंपता. आतां म्हज्या आगरांत कमरेइतलें उदक आसा. सुंगटां व्हरूंक येयात, मीठ मेळचें ना. हें ऑगस्टांतलें मीठ कोणें काडलें तो म्हाका दाखयात, हांव ताच्या पायां पडटां!"

मिठाऐवजी सुंगटां, म्हणजे कोळंबी, न्यायचं आमंत्रण ऐकून हशा पिकला. एका बाईने पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली, तेव्हा मीठ कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात भरलेलं निघालं. रुद्रेशने घाईघाईने माईक घेतला आणि सगळ्यांना सरबत प्यायला बोलावलं.

पुढच्या पाकिटांवर सगुण नव्हता. हिरवं पान तेवढं होतं. चंद्रावती दोन दिवस हळहळली. सगुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्याला एकच टोचत होतं: शालिनी त्यानंतर फिरकली नव्हती.

एप्रिल आला. आगरात मिठाचे ढीग लागले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, आणि सगुण मान वर करून रस्त्याकडे बघत होता. एका सकाळी शालिनी बांधावरून आली, काखेत रिकामी गोणी. तिने ढिगातला एक खडा उचलून जिभेवर ठेवला, आणि गोणी पुढे केली.

सगुणाने ती गच्च भरून शिवली. शालिनीने गोणी या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली.

"हाचेर तुजो फोटो ना तो?"

"फोटो कित्याक?" सगुण पायाखालच्या बांधाकडे बोट दाखवून दात नसलेलं तोंड भरून हसला. "हांव हांगाच आसां मगे!"