बरणीवरची निळी वेल

माझ्या माहेरी, पाथर्डीकडच्या एका कोरड्याठाक वस्तीवर, मांडणीच्या खालच्या फळीवर एक चिनी मातीची बरणी आहे. मान तपकिरी, पोट सायीसारखं, आणि त्या पोटावर गळ्यापासून बुडापर्यंत उतरलेली निळी वेल. मोठमोठी फुलं, मधूनमधून पानं, अगदी तळाशी एकटं एक पान. काम काही फार सुबक नाही. रंगवणाऱ्याचा हात कुठंतरी हलला असावा, मधलं एक फूल फिसकटलंय. मला ती बरणी आता डोळ्यांसमोर नको वाटते.

ती यात्रेतून आणली माझ्या भावजयीनं. आई फणकारली होती, "पलास्टिकच्या डब्यात काय लोनचं नासतं व्हय?" भावजय नुसती हसली आणि पदरानं बरणी पुसत बसली. हौसेनं घेतलेली अशी तिची ती एकच वस्तू.

दसरा झाला की भाऊ आणि ती ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचे. त्यांची पोरगी आईजवळ राहायची. पहिल्यांदा ठेवून गेले तेव्हा पोर ट्रॅक्टरमागं पळत सुटली होती. म्हणून पुढच्या खेपेला भावजयीनं युक्ती काढली. लाकडी पळीचा दांडा बरणीत तिनं घातलेल्या लोणच्याला टेकेपर्यंत सोडायचा, काठापाशी अंगठ्यानं खूण धरायची आणि तोच दांडा बाहेरून वेलीला लावायचा. लोणचं कुठवर उतरलं ते वेलीवर दिसतं. "शेवटच्या पानाला टेकलं की मम्मी आली म्हून समज," असं तिनं लेकीला सांगितलं. आई फोडी अशा बेतानं वाढायची की पाडव्याला बरोबर पान गाठलं जायचं. आणि खरंच आई-बाप दारात उभे राहायचे. पोरीचा देवावर नसेल एवढा त्या बरणीवर विश्वास बसला.

यंदा संक्रांतीनंतर उसाची ट्रॉली उलटली. भावजय खाली सापडली.

तिला घरी आणायच्या आत मी पोरीला सुप्याला आमच्या खोलीवर घेऊन गेले आणि तेरावं होईपर्यंत तिथंच ठेवून घेतलं. आईनं सगळ्या वस्तीला दम भरला होता, पोरीसमोर कुणी चकार शब्द काढायचा नाही. "पाडव्यापत्तुर ऱ्हाऊ द्या तिला सुखात," म्हणाली. मीही वाद घातला नाही. अंगणवाडीतल्या पोरीला मरण कसं सांगतात, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

तेरावं उरकलं आणि भाऊ पुन्हा तोडीवर गेला. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आता माझ्या भावाला अर्धा कोयता म्हणतात. हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण रागावणार कुणावर?

दर रविवारी मी नगरला एसटी बदलून वस्तीवर जायची. एका रविवारी पाहिलं, तर पोरीचं तोंड आलेलं, जीभ लालभडक. तरी भाकरीशी लोणचं, भाताशी लोणचं, मधेच नुसतंच लोणचं. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि ही पुन्हा ताटली पुढं करतेय.

"अगं, किती खाशील?"

"आत्या, लवकर संपिवलं का मम्मी लवकर येती."

मी उठून बाहेर गेले. बाभळीला धरून उभी राहिले आणि पोटभर रडले.

नंतरच्या रविवारी ती दांडा वेलीला लावून रडकुंडीला आली होती. लोणचं फिसकटलेल्या फुलाखाली उतरायलाच तयार नव्हतं. मला काही उमगेना. दुपारी ती खेळायला गेली तेव्हा आईला पाहिलं. शेजारणीकडून वाटीत लोणचं आणून ती बरणीत ओतत होती आणि वरखाली हलवत होती.

"आई, काय चाललंय हे?"

"मग काय करू?" आई माझ्यावरच ओरडली. "पानाला टेकलं की ती दारात जाऊन बसंल. कुनाला आनून दावू मी तिला?"

पुढच्या खेपेला मी स्वतः सुप्याच्या दुकानातून लोणच्याचा डबा घेऊन गेले. आईनं झाकण उघडलं, मी ओतलं. पाप वाटलं, तरी ओतलं.

पाडवा जवळ आला होता. जेवताना पोरीनं एक फोड तोंडात घातली, चावली आणि ताटात काढून ठेवली. दुसरी घेतली, तीही काढली.

"आत्या, हे मम्मीचं न्हाई. मम्मीचं कुठंय?"

लोणच्याला साधा ओला चमचा लागू न देणारी माझी आई, तिनं उष्ट्या हातानं बरणी ओढली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. तळातून एक एक फोड काढून पोरीपुढं ठेवू लागली. "हे बघ, हे असंल. हे तरी बघ." सगळ्या फोडींना एकच खार, एकच तेल. पोरगी चाखत होती आणि मान हलवत होती. भावजयीच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं, आणि ते आम्ही दोघींनी मिळून बुडवलं होतं.

चाखून झाल्यावर पोरगी उठली. आईचा हात तिनं स्वतःच्या फ्रॉकला पुसला आणि बरणीच्या तोंडावर फडकं बांधायला लागली. गाठ तिला जमत नव्हती, ती मी मारून दिली.

पाडव्यानंतर भाऊ एकटाच आला. पोरगी त्याच्या मागं कोण येतंय, हे पाहायला गेली नाही. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. वेल तशीच निळी आहे, भट्टीत भाजलेला रंग घासून जात नाही. पोरगी आता दांडा लावत नाही. विचारतही नाही.