वरून पाणी पिणारी माणसं

एका परदेशातून दुसऱ्या परदेशात गेलं की किस्से दुपटीने साठतात. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या संगीताताई, टिलबर्गचा मंदार आणि फेल्डहोवनची मी, असे आम्ही तिघं झांबियातल्या एका गावात, एचआयव्हीचं काम करणाऱ्या क्लिनिकमध्ये तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. त्याला आता दोन वर्षं होतील. तरी कुणाकडे भेळ खायला जमलो की गप्पांची गाडी तिथेच जाऊन थांबते.

माझ्या किश्शांची सुरुवात झोप उडण्यापासून होते. निघण्याआधीच्या ट्रेनिंगच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी मार्क होते. एका ताटात जेवल्याने, एका बाटलीतून प्यायल्याने एचआयव्ही होत नाही, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण झोप यायला हवी ना. शेजारी चार वर्षांची ईरा हातपाय पसरून झोपलेली, आणि माझ्या डोक्यात एकच: मी तिकडून काही घेऊन आले आणि हिला दिलं तर?

*

शेवटी मी आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले.

"परत आल्यावर कुठल्या कुठल्या टेस्ट करून घेऊ?"

"तिथे तुम्ही नक्की काय करणार आहात?"

"गोळ्यांचे खोके लावायचे, आयांच्या गटात बसायचं, मुलांशी खेळायचं."

त्यांनी स्क्रीनवर नोंद केली. "मग पॅरासिटामॉल न्या. मुलांशी खेळून डोकं दुखतं."

*

संगीताताईंना कुकरच्या शिट्टीशिवाय कशानेच जाग येत नाही. म्हणून त्यांनी फोनच्या अलार्मला स्वतःच्याच कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून लावली आहे.

क्लिनिकमध्ये आयांचा गट संध्याकाळी जमायचा, आणि बऱ्याच जणींची रोजची गोळी सहाची होती. चुकवून चालत नाही. ताईंनी सहाचा अलार्म लावला. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा दोघी जणी उठून बाहेर बघून आल्या. चौथ्या दिवसापासून तिसऱ्या शिट्टीला सगळ्यांच्या गोळ्या गिळून झालेल्या असायच्या.

गट चालवायची बाना मुलेंगा. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, बाना मुलेंगा म्हणजे मुलेंगाची आई. मी बाना ईरा. मुलेंगा पोटात असल्यापासून ती गोळ्या घेते, आणि मुलेंगाला आजार नाही. हे ती कुणालाही, भाजी काय केली हे सांगावं तसं सांगते.

तिने ताईंना विचारलं, "ही शिट्टी कुठल्या गाडीची?"

ताई म्हणाल्या, "डाळीची."

*

मंदार टिलबर्गच्या एका गोदामात मॅनेजर. क्लिनिकचं कपाट त्याने दोन दिवसांत असं लावून दिलं की आतल्या नर्सना काहीच सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याने सगळं होतं तसं परत लावलं आणि त्यानंतर त्याच्याकडे फक्त मुलं सांभाळायचं काम आलं.

मुलांमध्ये तो हिरो झाला तो पाण्यामुळे. अख्खी बाटली वर धरून, तोंड न लावता, न थांबता गटागटा प्यायचा. आठवडाभरात आवारातल्या प्रत्येक मुलाचा शर्ट ओला. एक आई वैतागून म्हणाली, "याला घरी कुणी ग्लास दिला नव्हता का?"

*

हसण्यावारी गेलं असं मला वाटलं होतं. मग एका संध्याकाळी मी गटाला समजावून सांगत होते की एका बाटलीतून प्यायल्याने काही होत नाही. बोलून घसा कोरडा पडला. बाना मुलेंगाने तिची बाटली पुढे केली. मी ती घेतली, वर धरली आणि प्यायले.

बाना मुलेंगा म्हणाली, "तुम्ही तिघंही आमच्या बाटलीला तोंड लावत नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून बघतोय."

मी उष्टं म्हणजे काय ते समजवायला लागले. आमच्याकडे आईच्या तांब्यालाही तोंड लावत नाहीत वगैरे. संगीताताई जोरजोरात मान डोलावत होत्या. समोरच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं, बाई शिकलेली आहे, कारणही चांगलं शोधलंय.

मी बाटली परत मागितली आणि तोंड लावून प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा.

बाना मुलेंगा हसली. "तू प्यायलीस. तुझ्या मुलीला पिऊ देशील?"

मी हो म्हटलं. जरा उशिराने म्हटलं, आणि तेवढं तिला पुरलं. तिने विषय बदलला.

*

तो उशीर माझ्या डोक्यातून जाईना. मागच्या वर्षी शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मी ईराला घेऊनच परत गेले.

बॅगा भरताना तिला बजावलं, "तिथे कुणी पाणी दिलं तर बाटलीला तोंड लावून प्यायचं."

माझा नवरा निखिल सॉक्स मोजता मोजता थांबला. "पाच वर्षं या घरात 'तोंड लावू नकोस' ऐकतोय. आता लाव?"

"तिथे लाव."

"आणि इथे?"

"इथे वरून."

ईराने आमच्या दोघांकडे बघितलं आणि डचमध्ये म्हणाली की तिला काहीच कळलेलं नाही. मी पुन्हा सगळं समजावलं. तिकडच्या मावश्यांना वाईट वाटतं, एवढं तिला पटलं. विमानात तिचं नाक वाहायला लागलं आणि मला काळजीला नवा विषय मिळाला.

गटात पोचलो तर सगळ्या जणी ओळखीच्या. ईरा अर्धा तास पळापळी खेळली आणि धापा टाकत आली. बाना मुलेंगाने आपली बाटली उघडली, स्वतः एक घोट घेतला आणि ईरापुढे धरली. धरली तिच्यापुढे, बघत होती माझ्याकडे. इतर जणीही.

मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

ईराने बाटली घेतली, डोकं मागे टाकलं, बाटली चांगली वीतभर वर धरली आणि वरून प्यायली. अर्धं पाणी फ्रॉकवर.

बाना मुलेंगाने नजर खाली वळवली.

"ईरा," मी म्हटलं, "तोंड लावून पी म्हटलं होतं ना?"

तिने बाहीने नाक पुसलं आणि सगळ्यांना कळेल अशा मोठ्या आवाजात, कार्टूनमधून उचललेल्या इंग्रजीत म्हणाली, "पण आई, मला सर्दी झालीये. ती मावशीला होईल ना."